आप्पांचा न भिजणारा कॅमेरा

गुरुलिंग आप्पा पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी चहाला नको म्हटलं, खुर्चीला नको म्हटलं, आणि गळ्यातला कॅमेरा काढून सरळ आमच्या पिण्याच्या पाण्याच्या हंड्यात सोडला.

सोलापुरातला उन्हाळा. नळ कधी येईल याचा नेम नाही. तो हंडा म्हणजे माझी सकाळभराची कमाई होती. मी तोंडावर हात ठेवून बघतच राहिले. मला हंड्याचं दुःख आधी झालं की कॅमेऱ्याचं, ते आज सांगता येणार नाही. आप्पांनी मात्र कोपरापर्यंत हात घालून कॅमेरा बाहेर काढला, धोतराला पुसला आणि माझ्यासमोर धरला.

"काय होत न्हाय त्याला. बगा की."

आप्पा आमच्या शेजारी नव्यानेच राहायला आले होते. बोळाच्या तोंडाशी त्यांनी पिठाची गिरणी टाकली होती. माणूस उंच, हाडापेराने मोठा, आणि भुवयांपासून पायांच्या नखांपर्यंत कायम ज्वारीच्या पिठात माखलेला. त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, भाऊ बोटीवर नोकरीला होता. अशा माणसाकडे लोक ट्रान्झिस्टर मागत, टेरिलीनचं कापड मागत. आप्पांनी पाण्यात चालणारा कॅमेरा मागितला. भाऊही एक काळा, जड, रबरी कडांचा ठोकळा घेऊन आला.

कॅमेरा म्हणजे मखमली पिशवीत ठेवायची आणि लग्नकार्यात मामाने बाहेर काढायची वस्तू, एवढंच आम्हाला ठाऊक. आप्पांचा कॅमेरा गिरणीत पट्ट्याशेजारी खिळ्याला लटकलेला असे. दिवसभर त्याच्यावर पीठ बसायचं. संध्याकाळी आप्पा त्याला नळाखाली धरून काथ्याने घासायचे, तांब्या घासावा तसे. दळणाला आलेल्या बायका आपलं दळण विसरून बघत राहायच्या.

मग परीक्षा वाढत गेल्या. एकदा त्यांनी तो माडीवरून खाली फरशीवर टाकला. एकदा टांग्याच्या चाकाखाली ठेवला. टांगेवाला बिचारा घोडा आवरून खाली उतरला आणि हात जोडून नको म्हणाला, तरी आप्पांनी त्याला पुढे जायला लावलंच. कॅमेऱ्याला एक ओरखडा आला. आप्पांनी त्या ओरखड्यावर बोट फिरवलं आणि समाधानाने मान हलवली. काकूंच्या आमटीत तो सापडला त्या दिवशी मात्र त्यांच्या घरून भांड्यांचा आवाज बराच वेळ येत होता.

एवढा कॅमेरा आहे तर फोटो तरी काढून घ्यावेत, म्हणून मी त्यांना आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला बोलावलं. मी भूगोल शिकवायची. प्रमुख पाहुणे शिक्षण खात्यातले मोठे साहेब होते. आप्पांनी भराभर चार फोटो ओढले आणि मग कॅमेरा पाहुण्यांच्या पायाशी ठेवून, साहेब, बुटानं एक लाथ घाला म्हणून विनंती केली. साहेबांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं तेही विसरलेले नाही. फोटो धुऊन आले तेव्हा त्यांत साहेबांची कोपरं होती, हाराचा खालचा भाग होता, साहेब नव्हते. मी तक्रार केली तर आप्पांनाच नवल वाटलं. फोटोचं काय घेऊन बसलात, कॅमेरा कसा ऱ्हायला ते बगा, असं त्यांचं म्हणणं.

बोळातल्या लोकांनी मग त्यांचा नाद सोडला. चांगला माणूस आहे, पण डोक्यात एक स्क्रू ढिला आहे, असं ठरलं. माझंही मत फारसं वेगळं नव्हतं.

दिवाळीनंतर एकदा ते दळणाचा डबा स्वतः घेऊन आमच्याकडे आले. तुम्ही शिकवता म्हणून विचारतो, म्हणाले, पाणी खोल गेल्यावर जास्त दाबतं का? मी म्हटलं, दाबतं, जितकं खोल तितकं जास्त. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्याला दगड बांधून तो मागच्या विहिरीच्या तळाशी सोडला आणि दिवसभर काठावर बसून राहिले. गिरणी बंद. संध्याकाळी कॅमेरा वर काढला, उघडला. आत कोरडा ठणठणीत. त्यांनी सगळ्यांना गूळ वाटला.

त्याच आठवड्यात काकू माझ्याकडे आल्या. रविवारी धरणाकडे जायचं म्हणतात, तुम्ही बरोबर चला, बाई, म्हणाल्या. तुमचं ऐकतात. मला वाटलं, सहल आहे. मी डब्यात शेंगाचटणी आणि भाकऱ्या घेतल्या.

एसटीतून उतरून आम्ही बरंच चाललो. भीमेवर धरण बांधून पाणी अडवलं होतं, त्याचा फुगवटा दिसेल तिथवर पसरलेला. थंडीचे दिवस, बोचरा वारा. काठापासून लांब पाण्यातून एका झाडाच्या वाळक्या फांद्या वर आल्या होत्या. आप्पांनी एका मच्छीमाराशी आधीच ठरवलेलं दिसलं. आम्ही दोघी काठावरच राहिलो, ते होडीत बसून त्या फांद्यांकडे गेले. तिथे त्यांनी सदरा काढला, कंबरेला दोर बांधला, कॅमेरा गळ्यात घातला, आणि मला काही कळायच्या आत पाण्यात उतरले. डोकं दिसेनासं झालं.

माझ्या हातून डबा पडला. मी काकूंना विचारलं, यांना पोहता येतं का?

"येतं की," काकू म्हणाल्या. "हितलंच गाव आमचं."

त्या पाण्यावरची नजर न काढता बोलत होत्या. ते झाड म्हणजे त्यांच्या मळ्यातला लिंब. धरणात गाव गेलं तेव्हा सगळ्यांनी घराचे वासे उतरवले, दारं काढली, देव उचलले, गाडीत घालून नेलं. मी म्हटलं, मग आप्पा खाली काय शोधतायत?

"आमच्यात पुरतात, बाई. धाकटी व्हती आमची. सा वर्साची. लिंबाखाली ठेवली, वर दगड बसवला." त्यांनी लिंबाकडे बोट केलं. "वासं आणलं, दारं आणली. तिला कसं आणायचं?"

इतके महिने शेजारी राहून आम्ही त्यांच्यावर हसत होतो, आणि मला यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

आप्पा वर आले, होडीला धरून धापा टाकल्या आणि पुन्हा गेले. या वेळी बराच वेळ झाला. मच्छीमार उभा राहिला. काकू लुगड्यासकट गुडघाभर पाण्यात शिरल्या. मी त्यांचा दंड पकडला. मग मच्छीमाराने दोर ओढला. आप्पा वर आले, खोकत, डोळे लाल, हातात कॅमेरा घट्ट. काठावर आणलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते आणि दात एकमेकांवर आपटत होते. काकू पदराने त्यांचं डोकं पुसत राहिल्या.

फोटो धुवायला मीच त्यांच्याबरोबर गेले. स्टुडिओवाल्याने पाकीट देताना सांगितलं, रोल वाया गेला, काही आलेलं नाही. खरंच आलेलं नव्हतं. एकूण एक फोटो राखाडी. गढूळ पाण्यात खाली उजेड कुठून पोचणार? आप्पांनी वाटभर पाकीट छातीशी धरलं होतं.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. आप्पांनी पाकिटातला एक फोटो निवडला, खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यांना जवळ बोलावलं.

"बग. वर लाटा हायत, वारं हाय. खाली कायबी हालत न्हाय."

काकूंनी तो राखाडी कागद दोन्ही हातांत घेतला. खूप वेळ बघितला. मग हळू आवाजात विचारलं, "गार लागत असंल का वो तितं?"

"न्हाय," आप्पा म्हणाले. "खाली ऊब हाय."

खोल पाणी किती गार असतं ते मी मुलांना दर वर्षी शिकवायची. दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली आणि व्हय म्हटलं.