आमच्या 'लिबरल'चं पहिलं पदवीदान

कार्यक्रम कसा करायचा हे मला कुणी शिकवू नये! आधीच सांगून ठेवते. मंचरच्या माणिकचंद कापडवाल्यांची मी मुलगी. आमच्या घरातलं लग्न म्हणजे पंगतीवर पंगती, आहेरांचे ढीग, रुसलेल्या आत्या आणि ऐन मुहूर्ताला गायब झालेले जावई. या सगळ्यांना मी परकर-पोलक्यात असल्यापासून पुरून उरलेय. त्यामुळे २००८च्या ऑगस्टमध्ये आमच्या कुलगुरू शीला मॅडमनी विचारलं, "चेतना, पहिलंच पदवीदान आहे. जमेल ना?" तेव्हा मला हसूच आलं.

"मॅडम, चौदा पदव्या तर वाटायच्यात! आमच्याकडे बारशाला याहून जास्त वाट्या वाटतात!"

घोडेगावच्या पुढे, डिंभ्याच्या धरणाकडे जाताना एका टेकडीच्या उतारावर आमचं छोटंसं खासगी विद्यापीठ आहे. चार बैठ्या इमारती, एक मेस, एक वाचनालय आणि एक पाण्याची टाकी. शीला मॅडम बरीच वर्षं परदेशात शिकवून आल्या आणि म्हणाल्या, खेड्यातल्या मुलांनी इतिहासही शिकावा, गणितही शिकावं, चित्रंही काढावीत आणि वादही घालावेत. याला म्हणतात लिबरल आर्ट्स. एसटीत एवढं लांब नाव कोण घेणार? कंडक्टर घंटी मारून ओरडतो, "चला, लिबरल उतरा!"

मी या लिबरलची कुलसचिव. म्हणजे पदवीवर सही माझी, आणि मेसचा गॅस संपला की धावाधावही माझीच.

लोक मला एकच प्रश्न विचारत. "ह्याच्यातून पोरगं डाक्टर व्हतं का?"

"नाही."

"इंजिनेर?"

"नाही."

"म्हंजी समदं शिकून काईच व्हत न्हाई!"

अशा वातावरणात पारगावच्या संपत भाऊंनी आपली आरोही आमच्याकडे घातली होती. भाऊंचा ऊस, भाऊंची मोटारसायकल, पण घरात शब्द चाले तो त्यांच्या आईचा, सरूबाईंचा. आणि सरूबाईंच्या कानाशी सतत कुजबुजत असे तो भाऊंचा थोरला भाऊ कुशाबा. आरोहीला पुढे एम.ए.साठी दिल्लीत प्रवेश मिळाला होता. कुशाबानं मात्र तिच्यासाठी एक स्थळ आणून ठेवलं होतं. पोल्ट्रीवालं!

पदवीदानाच्या आधी संपत भाऊ ऑफिसात आले. टोपी काढली, परत घातली.

"मॅडम, झगा हाये ना?"

"कसला झगा?"

"काळा. डिग्रीचा. आन् वर टोपी. आमच्या शेजारच्या पोराचा फोटो हाये तसला, पुण्याचा. दादा म्हणतोय, झगा न्हाई तर डिग्री खोटी. पोरगी तीन वर्सं टेकडीवर बसून चित्रं काढीत व्हती, म्हणतोय! आईचं मन बी डळमळाय लागलंय. आन् आमच्यात आईनं व्हय म्हणल्याबिगर दिल्ली काय, मंचर बी दिसत न्हाई."

झालं! माझ्यातली कापडवाली जागी झाली. शीला मॅडमचा झग्यांना विरोध होता. "गोऱ्यांच्या थंडीतले कपडे आपण चिखलात कशाला मिरवायचे?" असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "मॅडम, शिकवलंत तुम्ही, आता दाखवायचं कसं ते माझ्यावर सोडा!"

पप्पांच्या दुकानातलं काळं साटीन काढलं, त्याला मरून काठ लावायला सांगितला आणि मंचरच्या जानकू टेलरकडे शिवायला टाकलं. आदल्या संध्याकाळी गोरखचा टेंपो फाटकापाशी गठ्ठा टाकून गेला. पप्पांच्या दुकानातल्या पांढऱ्या चादरीत छान बांधलेला. मी गाठ सोडली नाही. घडी मोडेल म्हणून! आमच्या घरात इस्त्रीच्या घडीला फार मान आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरपंखी पैठणी नेसून, गजरा माळून मी मुलांना बोलावलं आणि राजाचा खजिना उघडावा तशी गाठ सोडली.

आत काळं काहीच नव्हतं. आत होती लाल मखमल. जांभळी मखमल. पोपटी मखमल! जरीचे मोर, बशीएवढे आरसे आणि काठाला घुंगरं. खाली कागदी बाशिंगांची चळत. एका मखमलीवर तर पिवळ्या कापडाची अक्षरं शिवली होती, 'नाद नाय करायचा'.

आमचा विद्यार्थी पीयूष एक घुंगरू वाजवून म्हणाला, "मॅडम, ह्या बैलाच्या झुली आहेत."

पोळा तोंडावर आलेला! जानकू टेलरनं झगे शिवता शिवता झुलीही शिवल्या होत्या. दोन्ही गठ्ठे पप्पांच्याच चादरींत बांधले, दोन्ही गोरखच्याच टेंपोत टाकले. एक आमचा, दुसरा बेल्ह्याच्या बैलबाजारातल्या व्यापाऱ्याचा.

आता गोरखला फोन करायचा, तर आमच्या टेकडीवर मोबाइलची रेंज एकाच ठिकाणी येते. पाण्याच्या टाकीवर! मी पदर खोचला आणि शिडी चढले. पैठणी नेसून शिडी चढणं म्हणजे मोरानं सायकल चालवण्यासारखं आहे. पण चढले.

"गोरख! कुठंयस?"

"बेल्ह्यात, मॅडम! लई गर्दी हाये!"

"माझे झगे कुठंयत?"

"हितंच की! गठ्ठा सोडला तर समदं काळं! यापारी माझ्यावर डाफरतोय!"

"अरे, ते माझे! उचल आणि नीघ!"

"कसं उचलू? दोन बैलांनी घातलं बी! गिऱ्हाइक खूश हाये. म्हणत्यात, काळ्यावर नजर लागत न्हाई!"

"बैलांच्या अंगावरून काढ!"

"मॅडम, त्यातला एक मारका..."

रेंज गेली. मी फोन उंच धरला, खाली धरला, टाकीच्या कडेला जाऊन बाहेर धरला आणि जीव खाऊन ओरडले, "झगे नाहीत तर मी काय करू? कुणाला तोंड दाखवू? संपलं सगळं!"

खालून मेसच्या ठकूबाई चहाचा ट्रे घेऊन चालल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. मी टाकीच्या कडेला, पदर वाऱ्यावर, हात आकाशात!

"अगं बया! मॅडम जीव देत्यात!"

ट्रे खाली पडला. मांडवातले पालक धावले. बघता बघता टाकीखाली हीऽ गर्दी! संपत भाऊ हात जोडून ओरडायला लागले, "मॅडम, झगा नसू द्या! पोरगी दिल्लीला न्हाई गेली तरी चालंल! तुमी खाली या!"

"बघा!" कुशाबा दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाला. "म्हंजी झगं न्हाईतच! मी म्हणलं न्हवतं?"

आणि नेमकी त्याच वेळी पांढरी गाडी आत आली. प्रमुख पाहुणे! पुण्याचे मोठे निवृत्त अधिकारी, सूट-बूट, चेहरा नुकताच इस्त्री केलेला. त्यांनी खिडकीतून वर पाहिलं.

"त्या कोण?"

"आमच्या कुलसचिव," शीला मॅडम म्हणाल्या.

"वर काय करताहेत?"

"फोन."

मॅडम अगदी खरं बोलल्या. पण पाहुण्यांचा काही विश्वास बसला नाही. मी उतरताना पैठणीचा काठ शिडीच्या बोल्टात अडकला आणि मी पाच मिनिटं अधांतरी राहिले, त्यानं तर उरलासुरला विश्वासही गेला.

कार्यालयात शिरले तेव्हा मुलं झुलींभोवती गोळा झाली होती. "मुलांनो, चूक माझी. साध्या कपड्यांतच पदव्या घेऊ. नाहीतर कार्यक्रम पुढं ढकलते."

आरोही पुढं झाली. तिनं लाल झूल उचलली आणि सरळ खांद्यावर टाकली. घुंगरं खळकन वाजली.

"पुढं नाही ढकलायचं, मॅडम. वर्षभर राबतो त्याला पोळ्याला झूल घालतात. आम्ही काय तीन वर्षं गोठ्यात बसून होतो?"

"अगं, पण आजी... काका..."

"झगा घातला असता तरी काका म्हणाला असता, टोपी वाकडी आहे!"

शीला मॅडम दारात उभ्या होत्या. मला वाटलं आता माझी नोकरी गेली. मॅडम आत आल्या, जांभळी झूल उचलून अंगावर घेतली आणि विचारलं, "पाठीमागून कशी दिसते?"

"मला आरशांची पाहिजे!" पीयूष ओरडला, आणि मग लग्नातल्या साड्यांवर पडावी तशी झुंबड पडली.

मिरवणूक निघाली. पुढं शीला मॅडम, मागं चौदा पदवीधर, डोक्यावर बाशिंगं, आणि सगळ्यांत शेवटी पोपटी मखमलीत मी. खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ! मांडवात कुणाचं तरी लहान मूल आनंदानं ओरडलं, "बैल आलं!"

पाहुणे खुर्चीतून अर्धे उठले. "हा काय प्रकार आहे?"

"पदवीचा पोशाख," मॅडम म्हणाल्या.

"अशी परंपरा कुठं आहे?"

"आजपासून इथं आहे. बसा ना."

कुशाबाला एवढी संधी आयुष्यात मिळाली नव्हती. तो उभाच राहिला. "डिग्री दिली का पोळा केला?"

मांडव फुटला! माणसं एकमेकांच्या मांडीवर थापा मारून हसायला लागली. माझे कान तापले. पण मघाशी टाकीवरून एवढी शोभा झाल्यावर आणखी काय व्हायचं राहिलं होतं? मी माइक ओढला.

"पोळाच केलाय! हसा मनसोक्त! पण एक सांगते, आज पहिल्या पंगतीला पदवीधर बसतील. हसणारे शेवटच्या पंगतीला. आणि पुरणपोळ्या मोजक्या आहेत!"

हसू निम्म्यावर आलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून सरूबाई उठल्या. काठी टेकत टेकत मंचावर आल्या आणि आरोहीसमोर उभ्या राहिल्या. झुलीचा काठ बोटांत धरून चाचपला. संपत भाऊंनी डोळे मिटून घेतले.

"ही कुणी घातली तुला?"

"मीच घातली, आज्जे."

"उलटी घातलीय की गं! मोर आत गेला. थांब."

म्हातारीनं तिथंच, भर मंचावर, झूल काढून सुलटी केली, झटकली आणि नातीच्या अंगावर परत नीट बसवली. मग कुंकू मागितलं. ठकूबाई धावत गेल्या आणि करंडा घेऊन आल्या. सरूबाईंनी आरोहीच्या कपाळावर कुंकू लावलं आणि तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली.

"त्यो काळा झगा मला ठावं न्हाई. आपल्यात मान कसा करत्यात, त्ये ठावं हाये. दिल्लीला कवा जायचंय?"

"आये, पण त्ये स्थळ..." कुशाबा पुटपुटला.

"तू गप! तुझ्या लग्नात तुला काय घातलं व्हतं? भाड्याचा कोट! बाह्या पार गुडघ्याला! त्या वक्ताला हसलं व्हतं का कुणी?"

कुशाबा खाली बसला. आरोही रडत होती आणि हसतही होती. डोक्यावरचं बाशिंग घसरून तिच्या नाकावर आलं होतं.

म्हातारीचं अजून संपलं नव्हतं. तिनं पाहुण्यांकडे पाहिलं. मंचावर बसलेल्यांत झुलीशिवाय तेवढे एकटेच होते. मंचाच्या कोपऱ्यात ठेवलेली उरलेली झूल तिनं उचलली.

"पावणं, वाका जरा."

"नाही, मी... आजी, मला..."

"वाका म्हणती ना!"

मोठमोठ्या मंत्र्यांसमोर ताठ राहिलेला तो माणूस सरूबाईंसमोर वाकला. 'नाद नाय करायचा' ही अक्षरं बरोबर त्यांच्या पाठीवर बसली. पुढं त्यांचं भाषण झालं. विषय होता 'उच्च शिक्षणासमोरील आव्हाने'. त्यांना हात उंचावून बोलायची सवय, त्यामुळे प्रत्येक आव्हानाला घुंगरं वाजत होती. लोकांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की भाषण त्यांनी आणखी लांबवलं. जेवतानाही त्यांनी झूल काढली नाही. का, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

चौदाही पदव्या दिल्या गेल्या. आरोही पुढच्याच आठवड्यात दिल्लीला गेली.

त्या दिवशी शेवटची पंगत उठत असताना गोरखचा टेंपो आला. आत उरलेसुरले झगे, त्यांना बैलाचा वास, आणि शेजारी बसलेला व्यापारी. लालबुंद!

"माझ्या झुली कुठं हायेत?"

मी आज कुणालाच भिणार नव्हते. सगळ्या झुली गोळा केल्या, माझ्या हातानं व्यवस्थित घड्या घातल्या आणि ताठ मानेनं त्याच्यासमोर ठेवल्या.

"घ्या, दादा. एक आरसा फुटला असेल तर सांगा!"

त्यानं वरची झूल उचलली, हुंगली. गजऱ्याचा, पावडरीचा वास! त्यानं ती लांब धरली.

"ह्या आता कुणाला इकू? माणसांनी वापरलेली झूल बैलाला कोण घालंल?"

पीयूषला राग आला. "ओ काका, माणसांनी काय! आम्ही पदवीधर आहोत!"

"त्येच की राव!" व्यापारी कळवळून म्हणाला. "गिऱ्हाइकाला हे कसं सांगू?"

शेवटी झुली आम्हालाच ठेवून घ्याव्या लागल्या. सध्या त्यातली लाल झूल माझ्या ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनवर असते. झाकण उघडलं की घुंगरं वाजतात. बाहेरून आलेले लोक हसतात. हसू देत! झूल घातल्यापासून ते मशीन एकदाही अडलेलं नाही.

म्हणजे अडतं. पण आता वाजून अडतं.