मेल नांदुऱ्याले काऊन थांबत नाई?

आमच्या नांदुऱ्याचे खासदार नथ्थूभाऊ लग्नाच्या पंगतीतही हात वर करून उभे राहतात. का, तर जिलबी हवी असते म्हणून! वाढपी समोर असला तरी उभे. दिल्लीत शेवटच्या बाकावर बसून बसून लागलेली खोड ती. "बसून मांगतलं तं कोणाले दिसत नाई, वकील," असं मलाच समजावतात. जिलबी आली की लगेच, "माहा एक पुरवणी प्रश्न हाय. मठ्ठा कुठी गेला?"

गाव हसतं. मी हसत नाही. माझा जळफळाट होतो, सरळ सांगतो.

तिकीट मला मिळायचं होतं हो! शाळेत पहिला नंबर माझा, इंग्रजी माझं, कोर्टात आवाज माझा. नथ्थू शाळेतही मागच्याच बाकावर, माझ्या पाटीत डोकावत. पण त्याला तिकीट मिळालं आणि मला त्याच्या प्रचारसभेचं अध्यक्षपद. वर तोच मला म्हणतो, "बे वकील, तू बोलला म्हणून निवडून आलो." जखमेवर मीठ चोळावं तर ह्यानं.

आणि दिल्लीत जाऊन करतो काय? विषय कोणताही असो, गाडी नांदुऱ्यालाच आणतो. सीमेवर लढाई पेटली, तर हा म्हणतो, आमचे पोरं फौजेत निघाले, ते मेलमध्ये चढतील कुठून? धान्यटंचाई, तर ज्वारी चढवायची कुठे? शेवट ठरलेला: "दोन मिनिटं, अध्यक्ष महोदय! नांदुऱ्याले मेल फक्त दोन मिनिटं थांबवा!" सभागृह हसतं, मंत्री सांगतात, मागणी विचाराधीन आहे. हा इथे येऊन छाती फुगवतो, "विचाराधीन म्हंजे जित्ती हाय! हाय का नाई? मंग!"

अधिवेशन संपलं की त्याच मेलनं येतो. मेल नांदुरा ओलांडून जाते, हा शेगावला उतरतो, तिथे हारतुरे घेतो आणि दुपारी एस.टी.नं माघारी. मी एकदा म्हटलं, "अरे, भुसावळले पॅसेंजर धर ना, ते थांबते इथं."

"ते संध्याकाळी पोचते बे," म्हणाला आणि उगाच टोपी झटकायला लागला.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्याला हार घालून घ्यायचेत ते आपल्याच फलाटावर, आणि तेही मेलमधून उतरून! त्यासाठी सगळ्या देशाची मेल थांबवायची! ठरवलं, साप्ताहिकात लेख लिहून ह्याचं पितळ उघडं पाडायचं. पुढच्या वेळी तो येणार त्या सकाळी, ती न थांबणारी मेल डोळ्यांनी बघून लिहावं म्हणून, टिपणवही घेऊन स्टेशनवर गेलो.

फलाटावर हमालांखेरीज एकच बाई. नथ्थूची बायको, काशीवहिनी. नवं लुगडं, केसांत अबोली.

"वहिनी, तुम्ही काऊन आल्या? गाडी तं थांबत नाई."

"नाई थांबत, भाऊजी." त्या पदर सारखा करत म्हणाल्या. "पन घरी आले का लोकाइचा घेरा असते. माहा नंबर लागते तवरिक दिल्लीले निंगतेत. इथं माह्या एकटीचे दिसतेत."

तेवढ्यात मेल आलीच. धाड धाड फलाट हादरला. दारात नथ्थू, एका हातानं दांडा आणि दुसऱ्यानं टोपी धरलेला. सगळ्या देशासमोर प्रश्न विचारणारा हा गडी घसा ताणून ओरडला,

"जेवली काय वं?"

एवढंच. शेवटचा डबाही निघून गेला. वहिनी रिकाम्या रुळांकडे बघून हळूच म्हणाल्या, "हाव, जेवली."

दोन मिनिटं मागत होता बिचारा.

वही कोरीच घेऊन घरी परतलो. खासदारकीचा हेवा एवढी वर्षं केला, तो त्या फलाटावरच राहिला. पण दुसराच हेवा सोबत आला, आणि हा जास्त बोचत होता. माझी तर एस.टी.सुद्धा घरासमोर थांबते. कोण उभं असतं?

बायको चुलीपुढे होती. मी दारातूनच विचारलं, "जेवली काय वं?"

तिनं दचकून मागे पाहिलं. हात पुसत उठली आणि माझ्या कपाळाला हात लावला.

"काऊन? बरं नाई काय तुमाले?"