टिटवीचा घसा

भावोजींनी बायकोच्या फोनवरून एकच शब्द पाठवला, तोही निव्वळ सवयीने. पण तोंडातून गेलेला शब्द आणि फोनवरून गेलेला निरोप, दोन्ही परत येत नाहीत.

भावोजी हे काही त्यांचं नाव नव्हे. बायकोच्या कॉलेजातल्या मैत्रिणी त्यांना तसं म्हणत, आणि आयुष्यात इतक्या प्रेमाने दुसऱ्या कोणी हाक मारलेली नसल्यामुळे त्यांना हेच नाव खरं वाटू लागलं होतं. त्यांचा उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला. नोकरी संपली तरी सवय संपली नाही. दुकानाच्या पाटीवर चुकलेली वेलांटी दिसली की त्यांना जेवण जात नसे.

बायकोचं कॉलेज हा त्या घरातला तिसरा माणूस होता. त्या कॉलेजच्या बायका एकमेकींना कुठेही हुडकून काढत. दातांच्या दवाखान्यात, तिकिटाच्या रांगेत, एकदा तर चालत्या भांडणात. 'अगं, तूही आपल्याच कॉलेजची?' एवढं निघालं की भांडण तिथेच संपायचं आणि दोघी चहाला जायच्या. त्यातही हॉस्टेलच्या शेवटच्या खोलीतल्या चौघी म्हणजे एका जिवाची चार तोंडं. बायको टिटवी, कारण ती गप्प बसली की लोक तिला ताप आलाय का बघत. उंच म्हणून उंटीण. ती पुढे कान-नाक-घशाची डॉक्टर झाली. शिवणाचे वर्ग चालवणारी, एका जागी न ठरणारी ती भिंगरी. आणि बँकेतून निवृत्त झालेली, आतली बातमी बाहेर सांगणारी ती रेडिओ. फोनवरच्या त्यांच्या ग्रुपचं नावही 'शेवटची खोली' असंच होतं.

भावोजी स्वतः नोकरी करून संध्याकाळच्या कॉलेजात शिकले. तास संपला की दिवे मालवत आणि मुलं घरी जात. वर्गातल्या एकाचंही नाव त्यांना आठवत नव्हतं. चौघी घरी जमल्या की ते स्वयंपाकघरात चहा करत आणि दाराआडून हसणं ऐकत. काय हसताय विचारलं की बायको डोळे पुसत म्हणे, "तुम्हाला नाही कळायचं." ते त्यांना कळत असे. फक्त आत बसून कळायला हवं होतं.

टिटवी गेली त्याला अर्धं वर्ष होत आलं होतं. भावोजींनी सगळ्यांना कळवलं, फक्त या तिघींना नाही. दूर राहणाऱ्या मुलीला ते म्हणाले, "त्यांना मी सांगतो." आणि सांगितलं नाही. सांगितलं की ग्रुपवरून तिचं नाव जाणार. रेशन, बँक, विजेचं बिल, सगळीकडून ती एकेक करून गेली होती. या एकाच जागी ती अजून होती. म्हणून ते रोज सकाळी तिचा फोन चार्ज करत आणि तिघींच्या गप्पा चहाबरोबर वाचत. टिटवी इतके दिवस गप्प कशी, असं तिघींपैकी एकीनेही विचारलं नव्हतं. याचं भावोजींना नवल वाटायला हवं होतं. पण ज्याला एखादी गोष्ट सांगायचीच नसते त्याला नवलही वाटत नाही.

त्या सकाळी भिंगरीने लिहिलं, 'नातीची आज परिक्षा. सगळ्यांचे आर्शिवाद असू द्या.'

'परिक्षा' भावोजींनी दात आवळून सोडली. 'आर्शिवाद' मात्र त्यांच्याने सोडवेना. हात शिवशिवला. छापखान्यात चुकीच्या शब्दासमोर बरोबर शब्द लिहावा, तसं त्यांनी लिहिलं, 'आशीर्वाद.' आणि बोट लागून तो शब्द गेला.

तासभर गेला. मग भिंगरीचं उत्तर आलं, 'टिटवे!!! मिळाला गं बाई मिळाला.' रेडिओने पाठोपाठ फुलं पाठवली. उंटीण म्हणाली, 'फार बरं वाटलं. लिहीत जा.'

भावोजींनी कानाला खडा लावला. दुसऱ्या दिवशी तो काढून ठेवला. कारण रेडिओने विचारलं होतं, 'टिटवे, ते रेक्टरबाईंच्या छत्रीचं काय झालं होतं गं?' छत्रीची गोष्ट त्यांनी दाराआडून इतक्यांदा ऐकली होती, की कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितली असती. त्यांनी सांगितली. कोळशाच्या खोलीत कशी लपवली, बाई भिजत कशा आल्या, सगळं स्वल्पविरामांसकट. भरात लिहून गेले, 'ती छत्री मीच लपवली होती.'

'अस्सं!' रेडिओ उसळली. 'इतकी वर्षं शपथा घेऊन नाही म्हणत होतीस! त्या छत्रीपायी माझी सुट्टी बंद झाली होती!'

हे टिटवीने त्यांना एकट्यालाच, लग्नानंतर, दिवा घालवल्यावर सांगितलं होतं. मेलेल्या बायकोचा गुन्हा तिच्याच फोनवरून कबूल करणारा भावोजींसारखा नवरा शोधून सापडणार नाही.

'आत्ता फोन करते,' रेडिओने लिहिलं. 'तोंडाने कबूल कर.'

 भावोजींनी घाईघाईने टाइप केलं, 'फोन करू नये. घसा बसला आहे.' निरोप गेला, आणि ग्रुपवर घशाची डॉक्टर आहे हे त्यांना त्यानंतर आठवलं.

'कधीपासून?' उंटिणीने विचारलं.

'कालपासून.'

'आवाज अजिबात नाही?'

'नाही.'

'टिटवीचा आवाज गेला म्हणजे केस गंभीर. उजेडात उभी राहा, आ कर आणि घशाचा फोटो पाठव.'

आता गप्प बसावं, हे शहाणपण होतं. पण गप्प बसलं तर ती काळजीने फोन करणार. भावोजी खिडकीपाशी गेले, मिशी फोटोत येणार नाही अशा बेताने फोन धरला आणि आ केला. तीन फोटोंत नुसता दात, चौथ्यात छत. पाचवा त्यातल्या त्यात बरा होता, तो पाठवला. समोरच्या खिडकीतली बाई कपडे वाळत घालायची थांबून बघत होती.

उंटिणीचं उत्तर यायला वेळ लागला. 'टिटवे, घसा बराय. पण तुझे टॉन्सिल आपण कॉलेजात असतानाच काढले होते ना? मग हे काय दिसतंय?'

इतका संसार करूनही माणसाला बायकोचा घसा आतून ठाऊक नसतो. भावोजींनी खूप विचार केला आणि लिहिलं, 'परत आले असावेत.'

'असं? मग ही जगातली पहिलीच केस. रविवारी आम्ही तिघी येतोय बघायला.'

'येऊ नका. संसर्ग होईल.'

'होऊ दे,' भिंगरीने लिहिलं. 'खोलीत एकीला व्हायचा तो चौघींना व्हायचाच.'

प्रकरण अंगाशी नव्हे, घशाशी आलं होतं. भावोजींनी मुलीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ नुसता खोकल्याचा आवाज येत होता. ती हसू दाबत होती, पण ते त्यांना कळलं नाही.

"बाबा, येऊ दे त्यांना," ती म्हणाली.

"अगं, काय सांगू मी त्यांना?"

"काही सांगू नका. चहा करा."

चहाने हे निभावणार नव्हतं. भावोजींनी घर झाडलं, तिची खुर्ची पुसली आणि सांगायचं वाक्य मनात जुळवत बसले. 'कळवण्यास दुःख होते की' हे छापील वाटलं. 'ती आता आपल्यात नाही' हे दुसऱ्यांसाठी बरं, स्वतःसाठी लिहवेना. जन्मभर लोकांची वाक्यं दुरुस्त केली आणि स्वतःचं एक साधेना. आणि वाक्य साधलं तरी पुढचं त्यांना दिसत होतं. तिघी रडणार, रागावणार, 'आम्हाला फसवलंत' म्हणणार, आणि जाताना जिन्यातच उंटीण तो नंबर काढून टाकणार. मग सकाळच्या चहाला काय वाचायचं?

रविवारी घंटा वाजली. भावोजींनी दार उघडलं. उंटीण चौकट भरून उभी, तिच्या काखेतून भिंगरी डोकावत होती, आणि रेडिओ मागे जिना चढून धापा टाकत होती. जुळवलेलं वाक्य साफ गेलं. कोणी दारात आलं की जे तोंडात यायचं तेच आलं.

"ती घरात नाहीये," भावोजी म्हणाले.

"माहितीये, भावोजी," उंटीण म्हणाली. "आत येऊ का?"

आत येऊन तिघी बसल्या. टिटवीच्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. भावोजी उभेच राहिले.

"कधीपासून माहिती आहे?"

"ती गेली त्याच दिवशी तुमच्या मुलीने फोन केला," उंटीण म्हणाली. "म्हणाली, बाबा सांगतील तेव्हा सांगू दे. आम्ही ठरवलं, तोवर आपण लिहीत राहायचं. फोन उघडणार कोण, हे काय आम्हाला कळत नव्हतं?"

"आणि एवढं ठरलेलं असताना," भिंगरी म्हणाली, "मी बापडी आशीर्वाद मागितला, आणि आशीर्वाद आला. तिच्या नावाने. भावोजी, मी फोन पिठाच्या डब्यात टाकला. दोन दिवस ताप होता मला."

"मी हिला सांगितलं," रेडिओ म्हणाली, "अगं वेडे, टिटवी मेली म्हणून काय शुद्ध लिहायला लागेल? भावोजी आहेत ते."

भिंगरीला हसू फुटलं, मग उंटिणीला. भावोजी खाली बघत म्हणाले, "मग तो घशाचा फोटो?"

"म्हटलं आता तरी सांगतील. तर तुम्ही घसा पाठवलात." उंटिणीने पर्स उघडून चष्मा लावला आणि फोनवरचा तो फोटो पुन्हा पाहिला. "डावीकडची दाढ किडलीये. आपल्या कॉलेजची एक दंतवैद्य आहे, मी बोलून ठेवलंय."

भावोजी हसले. बऱ्याच दिवसांनी हसत असल्यामुळे ते त्यांना नीट जमेना, आणि मध्येच त्याचं रडू झालं. कोणी त्यांना गप्प केलं नाही. भिंगरी उठून चहा टाकायला गेली. आज पहिल्यांदाच भावोजी त्यांच्यात बसले होते आणि चहा दुसरं कोणी करत होतं. तिघी बोलत राहिल्या. छत्रीवरून रेडिओ अजून धुसफुसत होती. "ती असती तर झिंज्या उपटल्या असत्या," असं म्हणून तीच खुर्चीकडे बघून डोळे पुसायला लागली.

निघायची वेळ झाली तेव्हा भावोजींनी पोटातली भीती ओठावर आणली.

"आता तिचा नंबर काढाल ना?"

"कशाला?" उंटीण म्हणाली. "खोलीतून असं कोणाचं नाव काढतात का?" तिने फोनवर काहीतरी केलं. भावोजींच्या खिशात त्यांचा स्वतःचा फोन वाजला. "तुम्हालाही घेतलंय. मुलींच्या हॉस्टेलात पुरुष. रेक्टरबाई असत्या तर फिट आली असती."

दुसऱ्या सकाळी टेबलावरचे दोन्ही फोन एकदम वाजले. भावोजींनी सवयीने नव्हे, हक्काने आपला उचलला. भिंगरीने लिहिलं होतं, 'टिटवे, काल तुझ्याकडे जाऊन आलो. भावोजी वाळलेत, पण बरे आहेत. आम्ही बघू त्यांच्याकडे. तू काळजी करू नकोस.'

निरोप त्यांच्यासाठी नव्हता. दुसऱ्याचं वाचणं बरं नव्हे, म्हणून भावोजींनी आपला फोन खाली ठेवला. चहाचा कप तिच्या खुर्चीसमोर सरकवला, तिचा फोन हातात घेतला, आणि तिला तो निरोप मोठ्याने वाचून दाखवला.