हजेरी क्रमांक आठ

मुलांना घरीच शिकवलं तरी वर्ग वीस जणांचा असावा लागतो, म्हणून दर वर्षी पंधरा जूनला तालुक्याहून सकाळच्या एसटीने गैरहजर मुलं पाठवली जातात. ज्या घरी एकच मूल असेल तिथे एकोणीस, दोन असतील तिथे अठरा. यात वाद घालण्यासारखं काही नाही. एका मुलाला कुणी वर्ग म्हणत नाही.

दळव्यांचं घर वाघदऱ्याच्या माळावर, एकटंच. पोरीला शाळेच्या घाण्याला जुंपायचं नाही, असं ठरवून सुहास आणि नंदिता दळवी पुणं सोडून इथे आले, त्याला हे तिसरं वर्ष. पोरगी म्हणजे कृत्तिका, वय दहा. हवा उत्तम, विहिरीचं पाणी गोड, आणि बोलायला माणूस हवं असेल तर ओढा ओलांडून अर्धा तास चालायचं. तिथे भिकाजी नावाचे एक गृहस्थ राहतात आणि त्यांना ऐकायला कमी येतं.

पंधरा जूनला गाडी फाट्यावर थांबली. कंडक्टर सोनवलकर खाली उतरले आणि दार धरून मोजू लागले. कुणीच उतरलं नाही. असं एकोणीस वेळा झालं.

"मोजून घ्या, वहिनी," सोनवलकर म्हणाले. "मागाहून म्हणाल, एक कमी आलं."

"बरोबर आहेत," नंदिताने यादीवर सही केली. "वाटेत त्रास नाही ना दिला?"

"छे. खिडकीच्या जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात, तेवढंच. बाकी गाडीत आवाज नाही."

मग सगळे दोन रांगा करून घरी निघाले. कृत्तिका सर्वांत मागे चालली, कुणी रेंगाळलं तर कळावं म्हणून.

वर्ग पडवीत भरे. दोन लांब सतरंज्या, एक फळा, खडूचा डबा. दहा वाजले की आई हजेरी घेई. नाव घ्यायचं, मनात तीनपर्यंत मोजायचं, ओ आली नाही की फुली मारायची. तीनचा नियम आहे. कुणावर अन्याय झाला असं नको. सातवं नाव कृत्तिकाचं. ती "हजर" म्हणे. मग पुन्हा सगळं शांत.

तिसरं वर्ष असल्यामुळे कृत्तिकाला गैरहजेरीतलं बरंच कळू लागलं होतं. क्रमांक दोनचा मुलगा मन लावून गैरहजर असे. क्रमांक चौदा नुसती आळसाने. पण तिच्याच शेजारची, क्रमांक आठ, प्रणाली बिरादार, हिची तऱ्हा निराळी होती. तिचं नाव घेतल्यावर जी शांतता होई, तिच्यात यायची फार इच्छा असे. कृत्तिका तिच्यासाठी सतरंजीवर जागा सोडून बसू लागली. रव्याच्या लाडवातला अर्धा तिच्यापुढे ठेवू लागली. एकदा मधल्या सुट्टीत तिने प्रणालीबरोबर फुगडी घालून पाहिली आणि कोपर फोडून घेतलं. आईने हळद लावली, विचारलं काही नाही. फुगडीला चार हात लागतात, त्याला कोण काय करणार?

खरं सांगायचं तर पोरीला करमत नव्हतं. आईबाप तिच्यावर जीव टाकत होते, पण आईबापांशी माणूस किती बोलणार? त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं.

जुलैत विस्तार अधिकारी गायधनी तपासणीला आले. त्यांनी पट पाहिला, सतरंज्या पाहिल्या, एकोणीस जण व्यवस्थित गैरहजर असल्याची खात्री केली. कृत्तिका त्यांना चहा द्यायला गेली आणि तिथेच उभी राहिली.

"साहेब, प्रणाली बिरादार कधी येणार?"

"येणार कशी, बाळ? ती तिच्या घरी हजर आहे. कुठेतरी हजर असल्याशिवाय मुलाला दुसरीकडे गैरहजर राहता येत नाही. कागदावर बसत नाही ते."

"तिच्या घरी अजून कोण आहे?"

"ती आणि एकोणीस गैरहजर." गायधनींनी पिशवीतून दुसरी वही काढली, बोट फिरवलं. "त्यात तूही आहेस की."

"मी?"

"एकोणीस घरी गैरहजर आहेस. काम चोख आहे तुझं. एक दिवस चुकलेला नाही."

"ते माझं नाव घेतात?"

"रोज दहाला. तीनपर्यंत थांबतात." गायधनींनी बशीत चहा ओतला. "नियम सगळीकडे एकच."

त्या दिवशी कृत्तिकाला जेवण गेलं नाही. एकोणीस घरांत रोज कुणीतरी आपल्यासाठी थांबतं आणि आपल्याला साधी उचकीही लागत नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. सगळ्यांना कळवणं शक्य नव्हतं. पण एका घरी तरी कळवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी निबंधाच्या तासाला तिने अर्ज लिहिला.

"मा. वर्गशिक्षक, म्हणजे प्रणालीचे बाबा किंवा आई, यांस. विषय : गैरहजर राहण्याबाबत. महोदय, मी आपल्या वर्गात जूनपासून गैरहजर आहे, याबद्दल क्षमस्व. कारण, मी आमच्या घरी आहे. येथे दुसरे कोणी नसल्यामुळे मला निघता येत नाही. प्रणालीने माझी जागा राखली असेल तर तेथे दप्तर ठेवण्यास माझी हरकत नाही. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी, कृत्तिका सुहास दळवी."

सोनवलकरांनी तो अर्ज आपल्या कातडी पिशवीत ठेवला. या डेपोतून त्या डेपोत, या कंडक्टरकडून त्या कंडक्टरकडे असा तो गेला असणार, कारण गौरी-गणपती झाल्यावर उत्तर आलं. तोही अर्जच होता. अक्षर डावीकडे कललेलं, समासाची रेघ मात्र सरळ.

"महोदय, मी आपल्या वर्गात गैरहजर आहे. कारण, आमच्याकडे हजर अशी मी एकटीच. मी तिकडे आले तर बाबांना ओ द्यायला कोणी उरणार नाही. कृत्तिकाच्या जागेवर मी दप्तर ठेवत नाही. बाबा सगळ्यांसाठी तीनपर्यंत थांबतात. तिच्यासाठी मी त्यांना चारपर्यंत थांबायला लावते. तिला फुगडी येते का? आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी, प्रणाली."

कृत्तिकाने तो अर्ज इतक्या वेळा वाचला की घडीवर कागद विरला. मग तो कंपासपेटीत गेला. त्या पंधरवड्यात ती पडवीत चक्क गुणगुणत बसे, आणि सुहास नंदिताला म्हणाला की हवा मानवली बरं का पोरीला.

दिवाळीच्या आधी गायधनी पुन्हा आले. कृत्तिकाने हौसेने त्यांना अर्ज दाखवला. तिला वाटलं, साहेब खूश होतील. गायधनींनी तो दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे बरं नाही झालं, मॅडम," ते नंदिताला म्हणाले. "कारण कळवलं म्हणजे मुलगी रजेवर गेली. रजेवरचं मूल गैरहजर धरता येत नाही. आठ नंबर रिकामा झाला. दिवाळीनंतर दुसरी पाठवतो."

"मला दुसरी नको," कृत्तिका म्हणाली.

"चांगली आहे. हिच्यापेक्षा कितीतरी गैरहजर."

"नको."

"तिकडून तुझंही नाव निघेल, बाळ. तुझाही अर्ज गेलाय ना?"

"मग आम्ही नुसते अर्ज पाठवू एकमेकींना."

"रजेवरच्या मुलांचा पत्ता ठेवत नाहीत."

सुहासने खुर्ची पुढे ओढली. "साहेब, काहीतरी मार्ग असेल."

गायधनी माणूस वाईट नव्हता. त्यांनाही घरी मुलगी होती, आणि ती कुठल्याशा वसतिगृहात हजर असे. त्यांनी बराच वेळ टोपणाशी चाळा केला. "अर्ज पोचलेच नाहीत, असं मला लिहिता येईल. दोन्हीकडचे. पण मग हा कागद मला द्यावा लागेल, आणि इथून पुढे एकही अर्ज नाही. ठेवायची तर तिला विनाकारण गैरहजर ठेवावी लागेल."

कृत्तिकाने कागदाकडे पाहिलं. प्रणालीचं असं जगात तिच्यापाशी तेवढंच होतं. मग तिने सतरंजीवरच्या जागेकडे पाहिलं. कागद ठेवला तर ती जागा जाणार होती, आणि तिकडे आपली. तिचे डोळे भरून आले. तिने कागदाची घडी होती तशीच घातली आणि गायधनींच्या हातात दिला.

"मला तिला एक उत्तर द्यायचं होतं," ती म्हणाली. "फुगडी येते म्हणून."

"ते राहिलं," गायधनी म्हणाले. त्यांनी कागद पिशवीत टाकला आणि चहा न घेताच निघाले.

दिवाळीची सुट्टी संपली. पहिल्या दिवशी दहाला आईने पट उघडला. सहा नावं झाली, सहा फुल्या झाल्या.

"कृत्तिका दळवी."

"हजर."

"प्रणाली बिरादार."

आईने मनात तीनपर्यंत मोजलं आणि पेन टेकवलं. कृत्तिकाने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"चार," ती म्हणाली.

आईने तिच्याकडे पाहिलं. मग पेन उचललं आणि ती चारपर्यंत थांबली. कुणी ओ दिली नाही. कृत्तिकाने ती शांतता नीट कान देऊन ऐकली. तीच होती.

आईने फुली मारली आणि नववं नाव घेतलं.