कारखानीसकाकांचे हात

कारखानीसकाका लिफ्टचं बटण कोपराने दाबतात. करोनात अख्खी बिल्डिंग तसं करायला लागली, तेव्हा काकांचा भाव फार वधारला होता. मग करोना गेला, लोक पुन्हा बोटांवर आले, काका मात्र कोपरावरच राहिले. कारण साधं आहे. त्यांचे दोन्ही हात कायम खिशात असतात.

हातांना काही झालेलं नाही. कुवेतच्या एका सरकारी इस्पितळात काका एक्स-रे काढतात आणि तिथे ते हात उत्तम चालतात. ड्यूटी संपली की खिशात. आम्ही कुवेतच्या सालमिया भागात, या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्या वर्षी संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे वर गेले. हात पुढे केला, तर म्हणाले, "तिथे टीपॉयवर ठेव." मी ठेवला. मग त्यांनी तो टीपॉयवरून उचलला, तोंडात टाकला आणि खुशीत म्हणाले, "छान झालाय हो!"

हा त्यांचा नियम होता. कुणी हातात दिलेलं घ्यायचं नाही. आधी कुठेतरी ठेवायला लावायचं, मग वाटलं तर आपण उचलायचं. "हातात आली की वस्तू आपली झाली आणि आपली झाली की पैसे द्या," हे त्यांचं आवडतं वाक्य. बाकाल्यातला, म्हणजे खालच्या वाणसामानाच्या दुकानातला मल्याळी मुलगाही आता सुटे पैसे काउंटरवर ठेवतो. काकांच्या हातात देत नाही.

मला चौकशीची खोड आहे. एखादा माणूस असा का वागतो ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी बिल्डिंगभर विचारून पाहिलं. कुणी म्हणे, युरोपात त्यांचं पाकीट मारलं गेलं. कुणी म्हणे, काका विमानतळापलीकडे कधी गेलेच नाहीत, सगळं ज्ञान मोबाइलवरचं. त्यांची बायको शैलाकाकू नर्स होत्या. आम्ही इथे येण्याच्या आदल्या हिवाळ्यात त्या गेल्या, त्यामुळे त्यांना विचारायची सोय नव्हती. आणि खुद्द काकांना विचारलं की उत्तर एकच, "तो विषय नाही."

त्यांचा विषय एकच होता. भूमध्य समुद्रावरच्या बंदरांत पर्यटकांना कसं फसवतात आणि कसं फसायचं नाही.

पूर्वी इथल्या मराठी माणसाची सुट्टी म्हणजे भारत. सुटकेसभर खजूर न्यायचे आणि सुटकेसभर लोणची आणायची. आता ईदला जोडून चार रजा मिळाल्या की जो तो क्रूझवर निघतो. पण व्हिसा मिळाला तरी काकांनी पास केल्याशिवाय इथल्या आमच्या मराठी मंडळातलं कुणी बॅग भरायला घेत नाही. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी काकांच्या हॉलमध्ये तालीम असते. सोफा म्हणजे जहाज, पॅसेज म्हणजे उतरायचा जिना आणि जेवणाच्या टेबलाभोवती गावातला चौक. आपण पर्यटक. फसवणारे सगळे काका.

एरवी मुखदुर्बळ असलेला हा माणूस तिथे असा काही रंगतो की बघत राहावं. गुलाबाचं फूल देणारा प्रेमळ म्हातारा ते करतात. "आज म्युझियम बंद आहे, पण माझ्या भावाचं दुकान उघडं आहे" म्हणणारा भला माणूस करतात. अनाथ मुलांसाठी सही मागणारी बाईसुद्धा करतात आणि आपण सही करत असताना आपली पर्स कधी उघडतात तेही कळत नाही. खोटा पोलीस करताना तर त्यांचा आवाजच बदलतो. "पाकीट दाखवा!" आपण घाबरून खिशात हात घातला की नापास. "अरे, खरा पोलीस रस्त्यात पाकीट कशाला मागेल? त्याला म्हणायचं, चला, चौकीत दाखवतो!" टॅक्सीवाल्याच्या कामाला एकदा त्यांनी बिल्डिंगचा राखणदार, इजिप्तचा अबू महमूद, याला उभं केलं होतं. पण त्या बिचाऱ्याने विचारल्याबरोबर खरं भाडं सांगून टाकलं. काकांनी त्याला तिथल्या तिथे रिटायर केलं.

यंदा आमचा नंबर होता. मी, माझा नवरा निखिल, मुलगी ईरा आणि माझ्या सासूबाई. सासूबाई हर्णैच्या, बंदरावर वाढलेल्या. आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि क्रूझचं ऐकल्यावर एकच म्हणाल्या होत्या, "जहाजाचं मला काही नाही. पण त्यांचं बंदर बघायचंय. मासळी कुठे उतरवतात, बायका कशा ओरडतात, ते."

आमच्या जहाजाच्या थांब्यांची नावं वाचताना काका एका गावापाशी थांबले. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथले मूठभर लोक फसवतात म्हणून बाकीच्यांनी का बदनाम व्हावं? काकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "इथे दोरेवाले आहेत."

दोरेवाला म्हणजे हसतमुखाने येऊन तुमच्या मनगटावर रंगीत दोरा बांधणारा. भेट, भेट म्हणत गाठ मारतो. गाठ पक्की बसली की तोंडाला येईल तो आकडा मागतो, आणि दोरा सुटत नाही.

ईरा पहिल्या फटक्यात पास झाली. "नो थँक यू, अंकल," म्हणत पुढे चालती झाली. निखिल किमती न लिहिलेलं मेनूकार्ड बघून मासा मागवून बसला, पण दोऱ्यात पास झाला. मग सासूबाई आल्या. काका डोक्यावर गोल टोपी घालून, हातात लाल दोरा घेऊन हसत पुढे झाले. सासूबाईंनी उजवा हात पुढे केला आणि डावा हात डोक्यावर ठेवला.

"आजी!" काका ओरडले. "हात खिशात!"

"मी तुमची आजी नव्हे," सासूबाई म्हणाल्या. "आणि साडीला खिसा नसतो."

त्यांना माझं जाकीट घातलं. पुन्हा तालीम. काका दोरा घेऊन आले आणि सासूबाईंचा हात आपोआप खिशातून बाहेर आला, दुसरा डोक्यावर गेला. त्यांचंही काय चुकलं? जन्मभर कुणी दोरा घेऊन समोर आलं ते एक तर सत्यनारायणाच्या पूजेतले गुरुजी, नाही तर देवळातला पुजारी. दोरा दिसला की हात पुढे आणि डोक्यावर हात, ही आपल्याकडची रीत. त्यांनी तिसऱ्यांदाही तेच केलं, वर डोळे मिटले.

"अहो, तो भामटा आहे!" काका लालबुंद झाले होते. "पुजारी नाही! यांनी जहाजावरून खाली उतरायचं नाही. नापास!"

निखिल काकांचा शब्द म्हणजे डॉक्टरांचा शब्द मानतो. तो लगेच म्हणाला, "आई, तू त्या दिवशी जहाजावरच थांब. खूप मोठा बुफे असतो."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "इतक्या लांब जाऊन बंदर काय काचेतून बघू?" त्या म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं आणि काकांचा रागही आला. म्हातारीच्या हौसेपुढे एक दोरा तो काय! मी तसं बोलूनही दाखवलं.

"तुला नाही कळायचं," काका म्हणाले. "तीही अशीच उभी राहिली होती. भर चौकात, डोक्यावर हात ठेवून!"

बोलून गेल्यावर ते टोपी काढून सोफ्यावर बसले. सासूबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि सरळ विचारलं, "कोण? शैलाताई?"

इतकी वर्षं मी ज्याच्या मागावर होते ते मग काकांनी आपणहून सांगितलं. ते आणि शैलाकाकू त्याच गावी गेले होते. दोरेवाला आला. काकूंनी हात पुढे केला, डोळे मिटले. काका मागे फोटो काढत होते. त्यांनी वळून पाहिलं, तर गाठ बसलेली. दोरेवाल्याशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. आणि काकांनी खिशातल्या नेलकटरने काकूंच्या मनगटावरचा तो दोरा कापला आणि दोरेवाल्याच्या अंगावर फेकला.

"जहाजावरच्या सगळ्यांसमोर तिला बावळट म्हणालो," काका म्हणाले. "ती काही बोलली नाही. केबिनमध्ये आल्यावर म्हणाली, मी त्या वेळी तुमच्यासाठी काहीतरी मागत होते हो. मी विचारलं, काय? तर नुसती हसली. नंतर आजारी पडली, तेव्हाही मी विचारलं. शेवटपर्यंत सांगितलं नाही. रागच होता तिचा. मनातून गेला नाही."

ईरासुद्धा मोबाइल पालथा ठेवून बसली होती. काका उठले, हात खिशात घातले आणि म्हणाले, "उतरू दे त्यांना. पण जाकीट घालूनच."

आम्ही गेलो. सासूबाईंनी ते बंदर डोळे भरून पाहिलं. मासळी उतरवणाऱ्या एका बाईशी त्या हर्णैच्या मराठीत भाव करत होत्या आणि ती तिच्या भाषेत ओरडत होती. दोघी खूश होत्या. चौकात आलो, तर हसतमुख दोरेवाला समोर हजर. निखिल म्हणाला, "आई, हात खिशात!" सासूबाईंनी हात खिशातून काढला, पुढे केला, दुसरा डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटले. मी बघत होते, पण अडवलं नाही. गाठ बसल्यावर त्यांनी खुणेनेच आणखी एक सुटा दोरा मागून घेतला. आकडा अपेक्षेप्रमाणे भयंकर निघाला. निखिलने घासाघीस केली, अर्ध्यावर ठरलं, तरी लुबाडणूकच ती.

परत आल्यावर पहिल्याच शुक्रवारी काका खाली आमच्याकडे हजर झाले. कुठे कोण भेटलं, काय म्हणालं, सगळं त्यांना ऐकायचं असतं. सासूबाईंचं मनगट त्यांना दारातूनच दिसलं.

"फसलात!"

"फसले," सासूबाई म्हणाल्या. "बसू नका, उभे राहा." त्यांनी कपाटातून दुसरा दोरा आणला.

काका सवयीने म्हणाले, "तिथे टीपॉयवर ठेवा."

"हा ठेवायचा नसतो, बांधायचा असतो."

काकांनी दाराकडे पाहिलं. ते आता वळून निघून जातील असं मला वाटलं. मग उजवा हात खिशातून बाहेर आला. त्यांनी तो पुढे केला आणि डावा हात डोक्यावर ठेवला. सासूबाईंनी पुटपुटत दोरा बांधला आणि घट्ट गाठ मारली.

"काय मागितलंत?" काकांनी विचारलं.

"ते सांगायचं नसतं."

"म्हणजे?"

"अहो, असं मागितलेलं कुणाला सांगत नाहीत. सांगितलं तर ते मिळत नाही. इतकंही तुम्हाला ठाऊक नाही?"

काका सासूबाईंकडे बघत राहिले. डोक्यावरचा हात खाली घ्यायचंही त्यांना सुचलं नाही. "म्हणजे शैला... रागावली नव्हती?"

"रागावली असती तर तेव्हाच सांगून मोकळी झाली असती," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला मिळावं म्हणून गप्प बसली ती."

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले, ते दोरा बांधलेल्या हातानेच. सासूबाई आत गेल्या आणि वाटीतून बेसनाचा लाडू घेऊन आल्या. मी टीपॉयवरची वर्तमानपत्रं बाजूला सारायला लागले.

"राहू दे गं," काका म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.