दरोग्याच्या खडावा आणि कोन्हेराची उत्तम श्रेणी

श्री. जिचे दारी हजेरी लागत नाही, जी न सांगता येते आणि न सांगता जाते, ती शारदा ऐकणारांस प्रसन्न असो. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, फाल्गुन मासी राज्याचे विद्यापीठी जे विपरीत वर्तले ते ऐसे.

विद्यापीठी दस्तूर होता की, दिवेलागणीस दर विद्यार्थियास तेल मापून द्यावे आणि सकाळी दिव्यात काय उरले ते पाहावे. तेल सरले तो अभ्यासू, उरले तो आळशी. आणि एकाचे दिव्यावर दुजियाने वाचू नये. वाचील तो आणि वाचू देईल तो, दोघेही वेशीबाहेर, ऐसी सक्त ताकीद. या दीपशाळेचे दरोगे शामजीपंत. मनुष्य इमानी, परंतु संशयी ऐसे की ताकही फुंकून प्यावे आणि दुधात पाणी कोणी घातले हे गाईस पुसावे. त्यांचे चिरंजीव नारो तेथेच शिकत होते. पंत रोज खडावा घालून खटखट ओसरीवरून फेरी घालीत आणि नारोचे खिडकीत उजेड पाहोन मनी म्हणत, "हा कुळाचे नाव काढील!" सकाळी नारोचे दिव्यात थेंब उरत नसे. त्यांचे खोलीतील सोबती कोन्हेर म्हणून डोंगरी गावचा, त्याचे तेल मात्र दिले तैसेच परत येई. पंत त्यास ऐतखाऊ म्हणत.

मग फाल्गुनात श्रेणी जाहीर जाहल्या, आणि कोन्हेरास उत्तम आणि नारोस कनिष्ठ, तीही अगदी तळची. पंतांचे तोंडचे पाणी पळाले. मग म्हणो लागले, "तेल जाळिले नाही त्यास विद्या कोठून? पाणी कोठे तरी मुरते आहे." आणि परीक्षक कोन्हेराचे मामा तर नव्हेत म्हणून शोध केला, आणि नव्हेत ऐसे निघाले तेव्हा, "इतके साफ कैसे निघाले?" म्हणून संशय दुणावला. मग त्याचे पागोटे झाडिले, गोधडी उसविली, डोंगर पोखरिला आणि ढेकूण निघाले. कोणी म्हणाले, कानात उत्तरे सांगणारे कर्णपिशाच्च असेल, तेही पंतांनी मनी ठेविले. अहो, संशयास काय, जागा दिली तिथे बसतो!

मग पंतांनी कुलगुरूंपुढे फिर्याद केली. कुलगुरूंनी भर सभेत कोन्हेरास प्रश्न घातले आणि त्याने खाडखाड उत्तरे दिधली. पंत बोलिले, "आचार्य, चोर जितका सफाईदार तितका मुरलेला. हा वाचला कोठे, हे सांगावे. न सांगे तर सूर्यास्ताचे आत वेशीबाहेर घालावा." कुलगुरूंनी पुसिले, "काय रे, कोठे वाचलास?" कोन्हेराने एकवार नारोकडे पाहिले आणि मान खाली घातली. "सांगता येत नाही, आचार्य." "पाहा! पाहा!" म्हणून पंत हर्षले.

तो चिरंजीव नारो उठले. "अप्पा, माझा दिवा जळतच असे, म्हणून तो आपला न लाविता त्यावरच वाचीत होता. मलाही घालवितील म्हणून बोलत नाही. मन लागे तोवर वाची, मग खुशाल घोरे."

पंत म्हणाले, "आणि तू? तेल सरेतो तू काय करीत होतास?"

"पोथी उघडून बसत होतो."

"सारा वेळ?"

"सारा वेळ."

"मग एक अक्षर कैसे शिरले नाही? खरे सांग, करणी कोणी केली?"

"खडावा ऐकत होतो, अप्पा. येताना ऐके, जाताना ऐके, आणि गेलात की परत याल म्हणून ऐके."

पंतांस बहुत लागले. आपलेच पायांकडे पाहात राहिले. कुलगुरू बोलिले, "दस्तुराप्रमाणे दोघेही वेशीबाहेर. दरोगे तुम्ही, हुकूम सांगा." पंतांनी कमरेस खोविलेले तेलाचे माप काढोन कुलगुरूंपुढे ठेविले आणि म्हणाले, "आधी दरोग्यास काढा." मग कुलगुरूंनी माप ठेवून घेतले, दोघां मुलांस माफी केली, आणि तेल मोजणे त्या दिवशी बंद जाहले.

दुसरे दिवशी दिवेलागण जाहली आणि ओसरीवर आवाज नाही. तेणेकरून नारोचा जीव अधिकच टांगला. उठोन दार उघडिले तो पंत अनवाणी उभे, खडावा काखेत.

"अप्पा!"

"दिवा पाहावयास नव्हे रे. जेवलास का, एवढेच पुसावयास आलो."

"जेवलो. आता तुम्ही जा. मी वाचतो."

मग पंत पायरी उतरले, आणि खाली जाऊन खडावा पायी घातल्या, आणि आपण खरोखर गेलो हे मुलास कळावे म्हणून घरापर्यंत मुद्दाम खटखट वाजवीत गेले. आवाज नाहीसा जाहला तेव्हा नारोने पान उलटिले.

येणेप्रमाणे वर्तमान. पुढील साली नारोस मध्यम श्रेणी जाहली. पंतांनी गावात पेढे वाटिले. परीक्षकाने दया तर केली नाही ना, हा संशय त्यांस अखेरपर्यंत होता.