पाय कोणीकडे करावेत

माणसाला पाय दोनच असतात. पण ते कोणाकडे करू नयेत, याची यादी फार मोठी आहे. आपली संस्कृती या यादीवरच उभी आहे. (उभीच आहे. बसायला तिलाही अडचण असावी.)

बेला गावचे यशवंतराव गुरुजी नोकरीभर फळ्यापुढे उभे राहिले. निवृत्तीनंतर घरच्या ओसरीत गावातली पोरं फुकट शिकवू लागले, तीही उभ्यानंच. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या, घोट्याजवळची कातडी काळी पडली. आदिलाबादचे डॉक्टर म्हणाले, "पायातलं रक्त वर चढत नाही. दुपारी आडवे व्हा, पाय छातीपेक्षा उंच ठेवा. नाहीतर जखम होईल, मग शिकवणी विसरा."

शिकवणी विसरणं गुरुजींना जमण्यातलं नव्हतं. त्यांनी ओसरीत खाट टाकली, पायांखाली दोन उशा घेतल्या आणि निजल्या निजल्या पाढे सुरू केले.

पाय पूर्वेला होते. पूर्वेला मारुती. रस्त्यानं जाणारे नागोराव थबकले.

"काऊन गुरुजी, देवाकडं पाय? तुमचं पाहून पोरं काय शिकतीन?"

खाट फिरली. पश्चिमेला देवानंदचं किराणा दुकान. तिथं गल्ला, म्हणजे लक्ष्मी. उत्तरेला शाळा, म्हणजे सरस्वती. दक्षिणेला यम. (यमाचा मान कोणी ठेवत नाही, पण त्याची कळही कोणी काढत नाही.)

प्रकरण गंभीर असल्यामुळे ओसरीतच बैठक भरली. खुर्च्या, खाट आणि दोन्ही उशा आलेल्या मंडळींना देण्यात आल्या. गुरुजी उभे राहिले. कामकाज तीन दुपारी चाललं. घोटे टम्म सुजले. प्रत्येक सभासदानं बसल्या बसल्या त्यांची आस्थेनं चौकशी केली. पाय सरळ वर करावेत, अशी सूचना आली. बाबारावांनी हरकत घेतली, "वर माहा बाप हाय."

चहा करून करून कावलेल्या बयनाबाई, गुरुजींच्या मंडळी, शेवटी दारात आल्या. "आवो, जो सगळं पाह्यते अन् काईच बोलत नाही, त्याच्याकडं करा ना पाय! हाय का कोणी असा?"

असा माणूस गावात नाही, यावर सभेचं प्रथमच एकमत झालं. तेव्हा गुरुजींनी वर्गातल्या पोरासारखं बोट वर केलं.

"आपली ही गोष्ट वाचणारा हाय ना," ते म्हणाले. "त्याले सगळं दिसते. पण तो उठून येत नाही."

ठराव मंजूर झाला. खाट पुन्हा पूर्वेलाच लागली. पण पाय मारुतीकडे नसून वाचकाकडे आहेत, असं नागोरावांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावलं. सूज उतरली. पोरं तेविसाच्या पाढ्यापर्यंत आली.

तेव्हा समोर दिसतात ते तळवे गुरुजींचे. तीन दुपारी ते उभे होते, खुर्ची कोणी दिली नाही, हे आपण सगळं पाहिलंत. आताही आपली हरकत नसेल, असं गावानं धरूनच ठेवलं आहे.